कोठारे प्रिसिजन आणि स्टेनलेसचे आटे

शनिवार, १ सप्टेंबर १९५६. अंधेरी. संध्याकाळ.

सुटलो! आज कुर्ल्याच्या कारखान्यात रेझिग्नेशन देऊन आलो. टूल-रूमच्या खिडकीत बसून इतकी वर्षं ड्रिल, टॅप, कानशी लोकांच्या हातात देत होतो आणि संध्याकाळी परत घेत होतो. आता बस झालं. आता स्वतःचं वर्कशॉप. नावसुद्धा ठरलंय: कोठारे प्रिसिजन वर्क्स.

लाइन स्टेनलेसची घ्यायची. पितळ आणि लोखंड काय, कुणीही करतं. स्टेनलेसला गंज धरत नाही म्हणून हल्ली सगळं जग त्याच्यामागे लागलंय. त्यात भोकं पाडायची आणि भोकांच्या आत आटे पाडायचे, म्हणजे बोल्ट फिरवला की घट्ट बसेल. आटे पाडायचं हत्यार म्हणजे टॅप. टॅपबद्दल मला कुणी शिकवायची गरज नाही. हजारो टॅप माझ्या हातून गेलेत. फिटर लोक तुटलेला टॅप घेऊन, तोंड पाडून खिडकीशी यायचे, तेव्हा मीच त्यांची खरडपट्टी काढायचो. स्वतः टॅप मारायचा योग अजून आलेला नाही, पण बुद्धिबळसुद्धा बाजूला बसलेल्यालाच जास्त कळतं.

अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे सासरे, आणि त्याच कारखान्यात फोरमन. म्हणाले, श्यामराव, दसऱ्यापर्यंत तुमची जागा धरून ठेवतो, तोवर हाताखालच्या लवूला बदलीवर बसवतो. दसऱ्याला परत यायचं तर या, नाही तर लवू कायम. मी म्हणालो, लवूला आजच कायम करा. (हे मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, बरं.)

सोमवार, ३ सप्टेंबर.

मागची पडवी रिकामी केली. बायकोचा, म्हणजे उत्तराचा, कोळसा, लाकडं, पाटा-वरवंटा, सगळं मोरीशेजारी हलवलं. उत्तरा म्हणाली, अहो, आता मी वाटण कुठे वाटू? मी म्हटलं, धंद्यात त्याग करावा लागतो. ती म्हणाली, करतेय ना.

चोरबाजारातून हाताने फिरवायचं ड्रिल मशीन आणलं. जर्मन आहे. चाकाचा एक दात पडलाय, पण माझ्या आत्याचे तर सगळे पडलेत आणि ती अजून सुपारी खाते.

संकल्प: रोज सहाला उठायचं, सातला मशीनवर. दुपारी आडवं व्हायचं नाही. कुणाचाही सल्ला घ्यायचा नाही.

मंगळवार, ४ सप्टेंबर. सकाळी नऊ.

उठलो.

गुरुवार, ६ सप्टेंबर.

पहिली ऑर्डर! घाटकोपरचे नगीनदासभाई, दुधाचा आणि मिठाईचा मोठा धंदा. दसऱ्याला त्यांच्याकडे श्रीखंडासाठी रांग लागते. आजवर चक्का हातानेच घोटायचे, यंदा विजेवर घोटायचं यंत्र करवून घेतायत. पिंप तयार, मोटर तयार. पिंपाच्या मधल्या दांड्यावर स्टेनलेसचे चार ठोकळे बसतात आणि त्या ठोकळ्यांना चहूबाजूंनी पाती बोल्टने जोडायची. ठोकळ्यांना भोकं आणि आटे, एवढंच माझं काम. भोकं आरपार नाहीत, तळाशी बंद. नगीनदासभाईंनी एक ठोकळा जादा दिला, बिघडला तर असावा म्हणून. मी हसलो. घेतला आपला, त्यांचं मन मोडायला नको.

उत्तराची मैत्रीण रत्नप्रभा त्यांच्या मुलींना शिवण शिकवते, तिने आमचं नाव सुचवलं म्हणे. उत्तरा म्हणाली, रत्नप्रभाला मी शब्द दिलाय हं, मला मान खाली घालायला लावू नका. माझ्या मते शब्दाची गरज नव्हती. माझी कीर्ती आपोआपच पसरली असणार.

शनिवार, ८ सप्टेंबर.

गणपती. काम बंद. विद्येच्या देवाच्या कानाशी ड्रिलची घरघर बरी नव्हे.

बुधवार, १२ सप्टेंबर.

अजून काम बंद. आमचा गणपती दीड दिवसाचाच होता, पण शेजारच्या विद्याधरपंतांचा दहा दिवसांचा आहे. शेजाऱ्याच्या देवाचाही मान राखायला हवा.

शनिवार, २२ सप्टेंबर.

आज श्रीगणेशा. उत्तरा म्हणाली, अहो, पितृपक्षात कुणी नवं काम सुरू करतं का? इतके दिवस काय केलंत? मी म्हटलं, विज्ञानाला तिथी नसते.

भोक पाडलं. पुस्तकात दिलंय त्याहून जरा बारीकच ठेवलं. भोक जितकं तंग, तितका आटा भरीव. हे पुस्तकात नाही, माझं स्वतःचं आहे. टॅपचा संच तीन नगांचा असतो. पहिला निमुळता, दुसरा त्याहून भरलेला, तिसरा पुरता. आधीचे दोन नवशिक्यांसाठी. मी एकदम तिसरा लावला. तेलबिल काही नाही. प्रिसिजन म्हणजे आधी स्वच्छता.

संध्याकाळ. टॅप तुटला. पितृपक्षाचा परिणाम असावा.

रविवार, २३ सप्टेंबर.

आणखी एक टॅप तुटला. चांगला विलायती होता. साहेब इथून गेल्यापासून त्याच्या मालात दम राहिला नाही.

मंगळवार, २५ सप्टेंबर.

तुटलेले तुकडे ठोकळ्यातच अडकलेत. पंच लावून हातोडी मारली तर आणखी आत गेले. शेवटी वरून कानस मारून सपाट केलं. आता तिथे भोक होतं हे सांगूनही खरं वाटणार नाही. एका अर्थी ठोकळा पहिल्यापेक्षा मजबूतच झाला.

हा आपला जादाचा ठोकळा धरायचा. मांजर दुधावरची ताटली पाडतं म्हणून उत्तराने तो त्या ताटलीवर वजन म्हणून ठेवलाय. धंद्यात काही वाया जात नाही.

शुक्रवार, २८ सप्टेंबर.

अण्णा आले. सहज आलो म्हणाले. सहज येणारा माणूस चप्पल काढायच्या आधी पडवीत जात नाही. सगळं पाहिलं, जमिनीवरचे टॅपचे तुकडे पायाने गोळा केले, आणि सुरू झाले. श्यामराव, भोक मोठं घ्या. पहिला टॅप आधी, मग दुसरा, मग तिसरा. अर्धा फेरा पुढे न्यायचा, पाव फेरा मागे घ्यायचा, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस मोडतो. मध्येच थांबून बघत बसू नका, स्टेनलेस नुसतं घासत राहिलात की चिडतं, आणखी कडक होतं. आणि तेल घाला हो, कोरडा काय मारताय!

मी म्हणालो, अण्णा, मागे फिरणं कोठाऱ्यांच्या रक्तात नाही. अण्णा म्हणाले, मग तेलाऐवजी रक्तच घाला.

उत्तरा दाराआड हसली. मला ऐकू आलं. जाता जाता अण्णांनी सांगितलं, लवू खिडकीवर छान रुळलाय. मी विचारलं नव्हतं.

शनिवार, २९ सप्टेंबर.

आज एक महत्त्वाचा शोध लावला. टॅप अर्धा फेरा पुढे नेऊन पाव फेरा मागे घेतला तर कीस मोडतो आणि वाट मोकळी होते. भोक किंचित मोठं घेतलं तर फारच सोयीचं. पहिला टॅप आधी लावण्यातही काही तथ्य आहे. याला कोठारे पद्धत म्हणायला हरकत नाही. उत्तराला समजावून सांगितलं. ती म्हणाली, अहो, हे तर काल अण्णा... मी म्हटलं, अण्णांनी नुसतं सांगितलं. शोध मी लावला.

तरी टॅप फार किंचाळतो. विद्याधरपंत पलीकडून भिंतीवर काठी आपटतात. आता प्रश्न उरला तेलाचा.

सोमवार, १ ऑक्टोबर.

तेल-संशोधन. रॉकेल घालून पाहिलं: टॅप तुटला नाही, पण शेजारणीने खिडकी लावून घेतली. एरंडेल: टॅप हँडलसकट चिकटला. खोबरेल, उत्तराच्या बाटलीतलं: सुरुवात झकास, मग धूर, घरभर करपलेल्या नारळाच्या वड्यांचा वास. साजूक तूप राहिलं. उत्तराने बरणी फडताळात ठेवून किल्ली कमरेला लावली आहे.

इंग्रजी पुस्तकात डुकराची चरबी सर्वांत उत्तम म्हणून लिहिलंय. ते मी ताबडतोब उडवून लावलं. नगीनदासभाई कांदासुद्धा न खाणारे, आणि त्यांच्या श्रीखंडाच्या यंत्राला चरबी? धंद्यात गिऱ्हाइकाच्या भावना आधी. असा विचार करणारी माणसं आज कितीशी आहेत!

मंगळवार, २ ऑक्टोबर.

वाट लागली. पुन्हा तुटला, आणि या वेळी कामाच्या ठोकळ्यात. सकाळभर खपून तुकडा उकरून काढला, भोक वाचलं. नागदेवीच्या हत्यारबाजारात जाऊन नवा संच आणला. दुकानदार म्हणाला, हा शेवटचा. विलायतेहून माल यायला परवाना नाही, पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. म्हणजे हा मोडला की कोठारे प्रिसिजन मोडलं.

घरी आलो तर नगीनदासभाईंचा माणूस येऊन गेलेला. उत्तरा ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, अहो, मला कारखाना नको, काही नको. पण रत्नप्रभासमोर, अण्णांसमोर लोक तुम्हाला हसलेले मला सोसणार नाही. जमत नसेल तर आत्ता सांगा. मी स्वतः जाऊन ठोकळे परत देऊन येते. आणि रडायला लागली. मी म्हटलं, वेडी की काय तू, दसऱ्याच्या आत सगळं होतंय. मग मीही डोळे पुसले. धुराने असेल.

बुधवार, ३ ऑक्टोबर.

मंजुळा आली होती. वेसाव्याची कोळीण, आठवड्यातून दोनदा मागच्या दाराशी टोपली उतरवते. पडवीतली किंचाळी ऐकून म्हणाली, काय रं बाबू, कोनाचा जीव घेतंस? मी तिला धातुशास्त्र समजावून सांगितलं. तिने तंबाखू मळली आणि म्हणाली, आमी होडीच्या लाकडाला मुशीचा तेल लावताव. खारा पानी वरीसभर काय करत नाय. तुज्या लोखंडाला लाव नं.

हसू नये. साधी बाई, पण विचार करायला लावणारं बोलून गेली. मुशी म्हणजे शार्क. शार्क म्हटलं की कसं एकदम शास्त्रीय वाटतं.

गुरुवार, ४ ऑक्टोबर. दुपारी.

जमलं!! जमलं जमलं जमलं!

मंजुळाने बाटलीभर तेल आणून दिलं. भोकात ओतलं, टॅप लावला, आणि टॅप असा फिरला, जणू आत आधीपासूनच आटे होते. किंचाळी नाही, धूर नाही. तिन्ही टॅप एकापाठोपाठ एक तळापर्यंत. बोल्ट लावला, बोटाने फिरवला, आत गेला सरसर. मी पडवीत एकटाच नाचलो. उत्तरा धावत आली, तिला वाटलं पायावर काही पडलं.

तिला बोल्ट फिरवून दाखवला. तिचा चेहरा उजळला. मग नाक मुरडून म्हणाली, अहो, पण हे मासळीचं तेल, आणि यंत्र श्रीखंडाचं? वास? मी ठोकळा हुंगला. कसला वास? मला तर भूक लागली. तिला नीट समजावलं, तेल भोकात, श्रीखंड पिंपात, दोघांची गाठ पडतेच कुठे? ती म्हणाली, तरी धुऊन द्या हं नीट. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड.

शनिवार, ६ ऑक्टोबर.

दोन ठोकळे पूर्ण. टॅप शाबूत. पडवीच्या पायरीवर मांजरं बसायला लागलीत. आपल्या कामाची दखल मुक्या प्राण्यांनाही घ्यावीशी वाटते.

कालपासून नवरात्र. विद्याधरपंतांनी कुंपणावरून विचारलं, काय श्यामराव, यंदा नवरात्रात मुशी? मी म्हटलं, छे हो, मी आटे पाडतोय. ते म्हणाले, आम्ही कुणाला सांगत नाही. उत्तराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी ती मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन आम्ही काय जेवलो ते सांगून आली. कुणाचा विश्वास बसला नाही. लोकांना इंडस्ट्रीचं वातावरण अजून अंगवळणी पडलेलं नाही, दुसरं काय.

बुधवार, १० ऑक्टोबर.

चारही ठोकळे तयार. एकही टॅप तुटला नाही. मी हे सहीनिशी लिहून ठेवतो. श्यामसुंदर कोठारे.

उत्तराने मोठं पातेलं काढलं. म्हणाली, सोडा घालून खदखदून उकळूया, भोकांत काडीला चिंधी लावून फिरवूया. बायकांना सगळंच भांडं वाटतं. मी ठोकळे बाहेरून चिंधीने असे पुसले की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. आतलं तेल मात्र मुद्दाम तसंच ठेवलं, वरून आणखी थेंब थेंब घातलं. आट्यांना गंज धरायला नको.

गुरुवार, ११ ऑक्टोबर.

घाटकोपर. डिलिव्हरी. नगीनदासभाईंनी बोल्ट हातात घेऊन फिरवला आणि वाह वाह म्हणाले. त्यांच्या मिस्त्रीने पाती बसवली. चिरेबंदी काम. एक पातं हलेल तर शपथ.

एवढ्यात त्यांनी हवा हुंगली. म्हणाले, शामभाई, इधर बाजूला मच्छीवाला बसला काय? मी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणालो, दिसत तर नाही.

दसऱ्याला सकाळी यंत्राचा मुहूर्त आहे, सहकुटुंब यायचं आमंत्रण आहे. मी म्हटलं सासऱ्यांनाही आणतो. आनंदाने आणा म्हणाले. येताना उत्तराला जाईचा गजरा घेतला. न मागता. तिने दोनदा विचारलं, सगळं ठीक झालं ना? तिला रात्रीपर्यंत हसूच आवरत नव्हतं, आणि तिच्याकडे बघून मलाही फार बरं वाटलं.

शनिवार, १३ ऑक्टोबर. खंडेनवमी.

हत्यारांची पूजा. टॅपच्या संचाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. मशीनला हार. उद्या अण्णांना सगळ्यांच्या देखत सांगायचं, लवूला कायम करा. या वेळी मनात नाही, तोंडाने.

रविवार, १४ ऑक्टोबर. दसरा.

जसं घडलं तसं लिहितो. नंतर लोक काहीही सांगतील.

दुकानाला झेंडूची तोरणं. रांग रस्त्याच्या वळणापर्यंत. पातेली, डबे, कडीचे डबे घेऊन लोक उभे. यंत्राला हार, नारळ फोडला, नगीनदासभाईंनी बटण दाबलं. पाती गरगर फिरायला लागली आणि पिंपात पांढरंशुभ्र श्रीखंड वर-खाली व्हायला लागलं. पाती माझ्या आट्यांवर फिरत होती. उत्तराने माझा हात धरला, चारचौघांत. मी अण्णांकडे वळलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, अण्णा, लवूला उद्याच कायम करा. अण्णा म्हणाले, विचार करा श्यामराव. मी म्हणालो, केला.

पहिली वाटी नगीनदासभाईंच्या आईला, म्हणजे बांना. म्हाताऱ्या बांनी घास घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, आनंदाने. मग तोंडाला पदर लावून त्या घरात गेल्या. मागोमाग सुना गेल्या. मग मुनीम. नगीनदासभाईंनी बोटभर चाटलं आणि तसेच थांबले. रत्नप्रभा वाटी हातात घेऊन उत्तराकडे पाहत राहिली.

आम्ही कोपऱ्यात उभे होतो, आम्हालाही वाट्या मिळाल्या होत्या. अण्णांनी आपली संपवली. दुसरी मागितली. म्हणाले, चव कुठेतरी ओळखीची आहे हो.

मिस्त्रीने यंत्र थांबवलं, एक बोल्ट सैल केला. भोकातून पिवळट थेंब ओघळला. अर्धा तास फिरून ठोकळे तापले होते, आटे तेल ओकत होते. वास होता, मी नाकारत नाही. किंचित. वेसाव्याच्या बंदराइतका.

मी म्हणालो, चक्का शिळा असणार. मिस्त्री दुसरा बोल्ट सैल करायला लागला. मी म्हणालो, वेलची तपासली का? तेव्हा उत्तरा पुढे झाली, नगीनदासभाईंना हात जोडून म्हणाली, चूक आमची आहे. आम्ही मुशीचं तेल वापरलं आणि धुतलं नाही. आम्ही म्हणाली. मी म्हणायला हवं होतं, पण मी अजून वेलचीचाच विचार करत होतो.

नगीनदासभाई मोठा माणूस. ओरडले नाहीत. म्हणाले, शामभाई, आटा तुमचा एकदम पक्का, एक पण ढिला नाय. पण आता या मशीनमदी मी दूध कसा घालणार? मग ते स्वतः बाहेर गेले आणि रांगेतल्या एकेकाला हात जोडून परत पाठवायला लागले.

घरी येताना उत्तरा माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. उंबऱ्यात आली, चप्पल काढली आणि एकदम फुटली. मला वाटलं रडतेय. हसत होती. अण्णांनी दुसरी वाटी मागितली हो! खाली बसली, पोट धरून हसली. मग हसता हसता खरंच रडली. म्हणाली, लोक तुम्हाला हसले असते तरी चाललं असतं. कुणी हसलंसुद्धा नाही. मी तिला पाणी दिलं. पाठीवर हात फिरवत बसलो.

बऱ्याच वेळाने डोळे पुसून म्हणाली, उद्या अण्णांना गाठा. लवूचं थांबवायला सांगा. मी म्हटलं, त्यात काय, अण्णा घरचेच आहेत. माझं बोलणं ते मनावर घेतात थोडेच!

सोमवार, १५ ऑक्टोबर.

घेतलं. सकाळी कारखान्यात आल्या आल्या अण्णांनी साहेबांची सही आणली. लवू कायम. मी पोचलो तेव्हा तो खिडकीत पेढे वाटत होता. मलाही दिला.

अण्णा म्हणाले, श्यामराव, आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही ठाम बोललात, मी कसा मोडू? आता बघतो काय जमतं ते.

बुधवार, १७ ऑक्टोबर.

आनंदाची बातमी. यंत्राला चांगलं घर मिळालं. उत्तराने मंजुळाला गाठून जमवून दिलं, मंजुळाचा दीर धर्मा वेसाव्याहून येऊन नगीनदासभाईंकडून यंत्र घेऊन गेला. ते आता मुशीचं तेल घोटायला वापरतात. आज मंजुळा सांगत होती, मशीन लय झ्याक चालतंय, एक बोल्ट हलत नाय. श्रीखंडाचाही वास येतो का, असं मी विचारलं. ती नाय म्हणाली.

कोठारे प्रिसिजनचं भवितव्य समुद्रातच आहे, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर.

पाटा-वरवंटा पडवीत परत आला. ड्रिल मशीन त्याच्या शेजारी आहे. उत्तरा त्याच्या हँडलला पिशवी अडकवते. तात्पुरतं. अण्णांचा निरोप आला, कारखान्यात माझ्यासाठी खास जागा काढलीय, सोमवारपासून या. मी म्हटलं, बघतो. उत्तराने परस्पर हो सांगितलं.

सोमवार, २२ ऑक्टोबर. संध्याकाळ.

रुजू झालो. टूल-रूममध्येच. खिडकीत लवू बसतो, मी आत. पोरगा तसा हुशार आहे, पण अनुभव कमी. त्याच्या पाठीशी कुणी जाणतं माणूस असावं म्हणून ही योजना. माझं पद मदतनीस असं लिहिलंय, पण कामाचं स्वरूप सल्लागाराचं आहे.

आज पहिलं काम दिलं. लोकांनी परत केलेले टॅप रॉकेलमध्ये धुवायचे, पुसायचे, लवूला दाखवून खणात लावायचे. मी अख्खी दुपार घासले. लखलखीत केले. लवूने एक उचलला, उजेडात धरला, आणि मग नाकाशी नेला. त्याच्यामागे खिडकीबाहेर पाच-सहा फिटर उभे होते, अगदी गंभीर चेहऱ्याने. अण्णांनी सगळ्यांना सांगितलेलं दिसतं.

लवू म्हणाला, श्यामराव, पुन्हा धुवा.

धुतले.